टाच न टेकवता

"बाबांना परत एकदा घेऊन ये ना, अर्ध्या तासाचं तर काम आहे," शौनक म्हणाला, आणि माझ्या तोंडातला केक एकदम गुळमट लागायला लागला. सहज म्हणाला तो. बोटाला लागलेलं क्रीम चाटत म्हणाला. त्याच्या मागे क्षिप्रा, आमची एचआर, मोठी कात्री घेऊन टेबलाटेबलावर फिरत होती आणि जो तो आपल्या गळ्यातली कंपनीची निळी पट्टी कापून खोक्यात टाकत होता. कापताना फोटो, टाकताना फोटो. सहा वर्षं आमच्या गेम स्टुडिओची मालक असलेली परदेशी कंपनी त्या दुपारपासून मालक राहिली नव्हती. आम्ही सुटलो होतो, स्वतंत्र झालो होतो. शौनकनं भाषणात हा शब्द इतक्या वेळा वापरला की मला वाटलं, आता कोणीतरी झेंडा घेऊन येणार. केक मात्र त्याच दुकानातला होता, सहा वर्षांपूर्वी ह्यानंच स्टुडिओ त्या कंपनीला विकला तेव्हा जिथून आणला होता त्याच. तेव्हाही टाळ्या झाल्या होत्या. ह्या माणसाला विकतानाही आनंद आणि सोडवतानाही आनंद, आणि दोन्ही वेळा टाळ्या आम्ही वाजवायच्या. मीही वाजवल्या. कात्री माझ्यापाशी आली तेव्हा पट्टीही कापली, आणि क्षिप्रानं सांगितलं म्हणून हसलेसुद्धा.

बाबाच्या डाव्या अंगावरून वारं गेलं त्याला आता वर्ष होत आलं. शौनकला हे माहीत नाही असं नाही. तो दवाखान्यात आला होता. किवी आणि ड्रॅगन फ्रूटची टोपली घेऊन आला होता, पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून 'काका, लवकर उठा, अजून एक गेम करायचाय आपल्याला' म्हणाला होता, आणि मग फोन वाजला म्हणून जिन्यात गेला तो गेलाच. फोन ह्याच सुटकेच्या बोलण्यांचा होता, हे मागाहून कळलं. म्हणजे इकडे बाबा, आपला पाय आपलं ऐकत नाही म्हणून लहान मुलासारखा रडत होता, आणि तिकडे जिन्यात आमचं स्वातंत्र्य ठरत होतं. मोठ्या कामात असलेल्या माणसाच्या डोक्यातून अशा गोष्टी निसटतात, असं मला स्वतःला समजावता आलं असतं. नाही समजावलं. तो विसरलाय हे मला त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं, आणि मी त्याला आठवण करून दिली नाही. नुसतं म्हटलं, "आणते." त्यानं अंगठा वर केला. त्या अंगठ्याला अजून क्रीम होतं.

मिठागरात टाच टेकवायची नाही. बाबानं आयुष्यात मला शिकवण म्हणून दिलेली ही एकच गोष्ट, आणि ती मला कधी उपयोगी पडणार नव्हती. मिठाच्या वाफ्याचा तळ पायांनी चोपून चोपून गच्च केलेला असतो. टाच आधी पडली की तो फुटतो, खालचा चिखल वर येतो आणि मीठ काळं पडतं. म्हणून आधी चवडा, मग हळूच बाकीचं पाऊल, गुडघा जरासा वाकलेला, कंबर स्थिर. खाडीकाठच्या ह्या गावांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या अशी चालली. मग मिठागरं गेली, भातशेती गेली, नवं शहर आलं, आणि गावठाणाला चहूकडून काचेच्या इमारतींनी घेरलं. आम्ही गरीब नाही, हे आधीच सांगते, कारण क्षिप्रानं एकदा पाहुण्यांपुढं बाबाची ओळख 'स्थानिक श्रमिक' अशी करून दिली तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर बाबानं बिल्डिंग उभी केली, तिच्यात साताऱ्या-सांगलीकडची आयटीतली पोरं भाड्यानं राहतात, आणि क्षिप्राचा स्वतःचा भाऊ दोन वर्षं आमचा भाडेकरू होता. पण बाबाची चाल काही बदलली नाही. मॉलच्या चकचकीत फरशीवर तसाच चालायचा. भाडं मागायला जिना चढायचा तर भाडेकरूंना त्याची चाहूल लागायची नाही. दार उघडावं तर पंढरीशेठ समोर उभा. लहान असताना मला त्या चालण्याची लाज वाटायची. शाळेत मैत्रिणी म्हणायच्या, तुझा बाबा चोरासारखा का चालतो?

आणि मग मी अ‍ॅनिमेटर झाले, म्हणजे लोकांचं चालणं बघायचा पगार घ्यायला लागले. शौनक, मी आणि आणखी दोघं, ऐरोलीतल्या एका फ्लॅटमध्ये सुरुवात केली आम्ही. 'खाजण', म्हणजे भरतीचं पाणी शिरते ती खाडीकाठची जमीन, ह्या खेळाची कल्पना माझी. एक माणूस खाडीच्या बांधावरून भरतीच्या आत घरी पोचतो, एवढाच खेळ. बंदूक नाही, राक्षस नाही. नुसता बांध, चिखल, चढणारं पाणी आणि चालणारा माणूस. तेव्हा शौनक म्हणाला होता, नुसतं चालणं कोण खेळणार? मी बाबाला घेऊन गेले. कंपनीच्या कॅमेऱ्यांच्या खोलीत त्याला काळा घट्ट पोशाख चढवला, त्यावर पांढरे ठिपके, आणि बाबा दिवसभर न कंटाळता चालला. आई बरोबर होती. ती दारातूनच म्हणाली, आता ह्याला तुणतुणं द्या आणि तमाशात उभा करा. मी स्क्रीनवर बघत होते. तिथं बाबा नव्हता, नुसते ठिपके होते, अंधारात चालणारे, आणि तरी तो बाबाच होता, आईनंसुद्धा ओळखला. ती हसायची थांबली. शौनक माझ्या खुर्चीमागे उभा होता आणि त्यानं बाबाला आणखी एक फेरी मारायला सांगितलं. त्या चालीवर आमचा खेळ जगभर गेला. कुठल्याशा देशातल्या मुलीनं लिहिलं होतं, मी जिंकायचं सोडून देते आणि ह्या माणसाला नुसती चालवत बसते. बाबा आजारी पडल्यापासून मीही तेच करायचे. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायचा, खेळ उघडायचा, आणि एका हातानं घास, एका हातानं बाबा. तो बांधावरून चालायचा. डावा पाय, उजवा पाय, डावा पाय. माझं जेवण झालं की मी त्याला तिथंच उभा करून खेळ बंद करायचे.

सुटका झाली, पण कशी? कंपनीनं आम्हाला सोडलं आणि 'खाजण' ठेवून घेतलं. स्टुडिओचं नाव आमचं, खुर्च्या आमच्या, कॉफीचं मशीन आमचं, माणसं आमची. खेळ त्यांचा. बांध त्यांचा, खाडी त्यांची, आणि बांधावरून चालणारा माणूस, त्याच्या गुडघ्याच्या त्या वाकण्यासकट, त्यांचा. आमच्या मशीनवरून तो उद्यापर्यंत पुसून टाकायचा. शौनकनं हे सगळ्यांसमोर सांगितलं नाही. केकनंतर मला बाजूला घेऊन सांगितलं, आणि चेहरा असा केला की ही हुशारी ऐकून मी उडालेच पाहिजे. म्हणाला, "पात्र त्यांचं झालं, रंजिता. पण माणूस आपल्याकडेच आहे ना! परत रेकॉर्ड केलं की ते नवं. त्यावर त्यांना बोटसुद्धा ठेवता येणार नाही." नव्या खेळाचं सगळं त्या चालीवर अवलंबून आहे, म्हणाला. पैसे लावणाऱ्या लोकांना त्यानं तसा शब्दही देऊन टाकला होता. मी ऐकत होते आणि माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, माणूस आपल्याकडेच आहे. बाबाची जमीन घ्यायला आलेला साहेब असंच म्हणाला होता म्हणे, जमीन जाईल पण शहर तुमचंच आहे ना. बाबा ही गोष्ट हसून सांगायचा. मला कधी हसू आलं नाही.

घरी मी बाबाला सांगितलं तेव्हा फिजिओवाली मुलगी आली होती. गीतांजली तिचं नाव, खारघरहून येते, गोड आहे, आणि बाबा तिला वैऱ्यासारखं वागवतो. ती त्याला चालायचं पुन्हा शिकवते. पाऊल उचला काका, टाच आधी, टाच, टाच. आणि बाबा धडधाकट उजवा पायसुद्धा हट्टानं चवड्यावर टाकतो. तिनं परोपरीनं सांगितलं, टाच आधी पडली तर तोल राहतो, नाहीतर पडाल. बाबा म्हणतो, "टाचेनं तळ फुटतो गो." ती बिचारी फरशीकडे बघते. डावा पाय तर उचलतच नाही, चवडा खाली लोंबतो आणि फरशीवरून फरफटत येतो. आई तो आवाज ऐकू नये म्हणून टीव्ही मोठा करते. त्या दिवशी मी म्हटलं, बाबा, शौनकनं तुला बोलावलंय, परत चालायला. मला वाटलं होतं तो रागवेल, निदान गप्प होईल. तो खुर्चीत सरळ बसला. "मना बोलवलंय?" म्हणाला, आणि उजव्या हातानं गालावरची खुंटं चाचपायला लागला. न्हाव्याला बोलव म्हणाला. गीतांजलीकडे बघून म्हणाला, हिला सांग, माझ्या चालण्याचे पैसे मिळतात. आईनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. ती सुरमई साफ करत होती, तिनं मान वर केली नाही. "त्याला कामाला नेतेस का दाखवाला नेतेस?" तिनं विचारलं.

दाखवायलाच नेत होते. खोटं कशाला बोलू? मला शौनकचा चेहरा बघायचा होता. लिफ्टचं दार उघडतंय, आत चाकांच्या खुर्चीत बाबा, आणि शौनकच्या तोंडावरचं ते कायमचं उत्साहाचं हसू गळून पडतंय, हे मी आठवडाभर मनातल्या मनात इतक्या वेळा पाहिलं की त्याची मला चटक लागली. मी त्याच्यावर बाबा फेकून मारणार होते. बाबाला पुढं करून मला म्हणायचं होतं, बघ, हा तुझा माणूस, आपल्याकडेच आहे ना, घे, कर रेकॉर्ड. मनात हे चाललेलं असताना मी बाबाच्या सदऱ्याला इस्त्री करत होते, आणि तो खुर्चीतून सूचना देत होता की कॉलर कडक हवी. मध्येच त्यानं विचारलं, ते काळं कापड घालावं लागंल का, त्यात पोट दिसतं. मी म्हटलं, नाही, ती खोली आणि ते कॅमेरे कंपनीचे होते, ते घेऊन गेले, आता नुसते सेन्सरचे पट्टे बांधायचे. त्याला ते बरं वाटलं. माझा हात इस्त्रीवर तसाच राहिला आणि कॉलरला पिवळा डाग पडला. डाग आतल्या बाजूला होता, दिसणारा नव्हता, पण मला दिवसभर तोच दिसत राहिला.

शौनकचं हसू गळून पडलं. अगदी मी पाहिलं होतं तसंच, लिफ्टचं दार उघडल्याबरोबर. क्षिप्रा कॉफीचा मग घेऊन मागच्या मागे वळली. पण ते फार टिकलं नाही, आणि मुख्य म्हणजे मला त्यात काही मिळालं नाही, कारण बाबानं त्या दोघांकडे पाहिलंच नाही. तो खिडकीकडे पाहत होता. काचेतून खाडी दिसत होती, तिवरं, पलीकडे मुलुंडकडे जाणारा पूल. "आपलं मिठागर इथंच कुठंतरी," बाबा म्हणाला आणि बोट भलतीकडेच दाखवलं. इथंच कुठंतरी हा आता सगळ्या ऐरोलीचाच पत्ता आहे. शौनक उकिडवा बसला, बाबाच्या गुडघ्याशी. "काका, माझ्या लक्षातच... सॉरी. आपण नको करूया आज." मला त्याच्या त्या उकिडवं बसण्याचीही चीड आली. बाबा म्हणाला, नको कसं, मी दाढी केली ना. आणि मला म्हणाला, बांध ते पट्टे. मग मी बांधले. घोट्याला, गुडघ्याला, कंबरेला. डाव्या घोट्याला बांधताना पाय माझ्या हातात आला तो थंड आणि जड होता, आणि बाबाला मी धरलाय हे कळत नव्हतं. तो शौनकशी बोलत होता, नव्या खेळात पाणी असंल का विचारत होता.

बाबा चार पावलं चालला. मी एका बाजूला उभी होते, हात पुढं करून, धरायचं नाही असं त्यानं बजावलं होतं. उजवं पाऊल त्यानं टाकलं, आधी चवडा, मग बाकीचं, गुडघा वाकवून, जसं तो जन्मभर टाकत आला होता. मग डावा पाय ओढला. मग थांबला, श्वास घेतला, पुन्हा चवडा. समोर स्क्रीनवर काळोखात, पट्ट्यांवरून उमटलेला रेघांचा माणूस तेच करत होता, आणि सॉफ्टवेअर त्याच्या डाव्या पायाभोवती लाल चौकट काढत होतं, कारण सॉफ्टवेअरच्या मते जमिनीवरून घसरणारा पाय ही चूक असते. रोज अशा चुका साफ करणं हेच माझं काम. माझी बोटं आपोआप वळवळली. आणि त्याच क्षणी मला ते दिसलं, जे मला बघायचं नव्हतं. हे आधीपेक्षा चांगलं होतं. पहिल्या खेळातला माणूस भरतीच्या आत घरी पोचणार हे त्याच्या चालीवरूनच कळायचं. हा माणूस पोचेल की नाही ते सांगता येत नव्हतं, आणि तरी तो तळ फुटू नये म्हणून जपून पाऊल टाकत होता. मी शौनककडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, खरं पाणी, मी त्याला ओळखते. "रंजिता," तो हळूच म्हणाला, "हाच आपला गेम आहे." मला त्याचा कधी नव्हता एवढा राग आला, कारण त्याच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. मनातल्या मनात माझं ते म्हणूनही झालं होतं.

बाबा खुर्चीत बसला. घामानं त्याची ती कडक कॉलर मऊ पडली होती. क्षिप्रानं पाणी आणलं. त्यानं ते प्यायलं, तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून थोडं सांडलं, ते त्यानं स्वतःच पुसलं, आणि स्क्रीनवर उभ्या राहिलेल्या त्या रेघांच्या माणसाकडे बराच वेळ बघितलं.

"आन ही चाल या बारीला कोनाचे नावावर?" त्यानं शौनकला विचारलं.

"आपल्या, काका. आता कंपनी नाही, कोणी नाही. सगळं आपलं."

"आपलं," बाबा म्हणाला. रागानं नाही, कुत्सितपणानं नाही. एखाद्या जुन्या ओळखीच्या माणसाचं नाव ऐकावं तसं म्हणाला. "तवापन हेच सांगलेलं."

मला वाटतं, शौनकला तेव्हा खरंच काही सांगायचं असेल, की मी तसा नाही, की ह्या वेळी वेगळं आहे. आणि तो तसा नसेलही. सहा वर्षांपूर्वी विकतानाही तो तसा नव्हताच. मी मशीनपाशी गेले. पडद्यावर ती नेहमीची विचारणा आली होती, रेकॉर्डिंग सेव्ह करायचं का, खाली हो आणि नाही. खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं की बाबाला पुन्हा चार पावलं चालायला लावणं ह्यातल्या कोणालाच जमणार नव्हतं. मला तर नव्हतंच. शौनक माझ्या मागे उभा होता, पूर्वी एकदा उभा होता तसा, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. तो म्हणाला, "रंजिता, प्लीज." इतकी वर्षं बरोबर काम केल्यावर, पुढचा काय करणार ते माणसाला पाठीवरूनसुद्धा कळतं. मी 'नाही'वर बोट दाबलं. रेघांचा माणूस गेला आणि काळा पडदा राहिला, त्यात आम्हा दोघांची तोंडं दिसत होती. मग मी वाकून बाबाचे पट्टे सोडले, गुंडाळले आणि टेबलावर नीट ओळीनं ठेवले.

लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. बाबा दमला होता पण खूश होता, आरशात स्वतःची दाढी बघत होता. त्याला काही कळलं नव्हतं. त्याच्या लेखी तो आता पुन्हा त्या मशीनमध्ये होता, कुठंतरी बांधावर, आणि कुठल्यातरी देशातली पोरगी त्याला चालवणार होती. मी खुर्चीची मूठ घट्ट धरली. तळमजला यायच्या आधी त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"टाच टेकली का गो माझी?"

"नाय बाबा," मी म्हटलं. "एकदापन नाय."